देव्हाऱ्यातलं पुस्तक खाली काढा



दर वेळी इथं लोणच्याचं, चातुर्मासातल्या भाज्यांचं, नाहीतर एखाद्या व्रताचं लिहिते. आज जरा भांडायचं आहे. आधी स्वतःशी, मग तुमच्याशी, आणि जमलंच तर आपल्या घरांशी.

यंदाच्या श्रुतपंचमीला सकाळी देव्हारा आवरत होते. माझ्या लग्नात माहेरच्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचार'ची एक प्रत दिली होती, मराठी अर्थासह. सतरा वर्षं ती देव्हाऱ्यात आहे. दर श्रुतपंचमीला मी तिचं कापड बदलते, अष्टगंध लावते, फूल वाहते, डोकं टेकवते. त्या दिवशी कापड सोडताना पुस्तक हातातून निसटलं आणि पालथं पडलं. उचलून बघितलं तर मधली आठ-दहा पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच. छापखान्यात कापायची राहून गेलेली. म्हणजे सतरा वर्षांत ते पुस्तक कुणी, अगदी मीसुद्धा, मधून उघडलंच नव्हतं.

आधी हसू आलं. मग लाज वाटली. शाळेत वाचनाचं बक्षीस घेणारी मी, पदवीपर्यंत शिकलेली मी, सतरा वर्षं एका पुस्तकाला नमस्कार करत होते आणि त्यात काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं.

तुमच्या देव्हाऱ्यातलं पुस्तक काढून बघा. मग पुढं वाचा.

श्रावकाची रोजची सहा कर्तव्यं आपल्याला लहानपणापासून पाठ असतात: देवपूजा, गुरूपास्ती, स्वाध्याय, संयम, तप, दान. एकेक मोजूया. देवपूजा आपण करतो. गावात महाराज आले की चौका लावतो, सोवळ्यात आहार करतो, ती गुरूपास्ती. रात्रीचं जेवण नाही, कांदा-बटाटा नाही, पाणी गाळून, हा संयम. अष्टमी-चतुर्दशी आणि दशलक्षणातले उपवास, हे तप. दान पावतीबुकात दिसतं. मग तिसऱ्या नंबरचा स्वाध्याय कुठं गेला? उपवास मोडला तर चारचौघी विचारतात, "का गं, बरं नाही का?" स्वाध्याय मोडला तर कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. सहातलं एक कर्तव्य आपण सगळ्या जणींनी मिळून, काही न बोलता, वजा करून टाकलंय.

आणि ते पुरुषांच्या खात्यात टाकलंय. शास्त्रवाचन मंदिरात असतं, ते पंडितजी नाहीतर समाजातले कुणी काका करतात. आपण समोर बसून ऐकतो, वाती वळत. एका काकांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, की श्राविका म्हणजेच ऐकणारी, तेव्हा ऐकणं हाच बाईचा स्वाध्याय. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. श्रावक म्हणजेसुद्धा ऐकणाराच की! शब्द एकच, मग एकाला पुस्तक आणि एकीला वाती का?

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठाय? मीही सतरा वर्षं हेच म्हणत होते, म्हणून या वेळेचाच हिशेब आधी करू.

आमच्या घरी मामा, म्हणजे माझे सासरे, सकाळी तासभर पेपर वाचतात. पहिल्या पानापासून निधनवार्तेपर्यंत. चहा तिथंच जातो. मुलांनी दंगा केला की आत्ती, माझ्या सासूबाई, ओरडतात, "गप्प बसा, मामा पेपर वाचाय लागल्यात!" त्यात वाईट काही नाही. वयस्कर माणूस, वाचू देत. पण दुपारी दोनला सगळं आवरून मी सोप्यात पुस्तक घेऊन बसले, की दारातनं जाणारी बाई म्हणते, "आज काय काम न्हाई वाटतं?" पुरुष वाचतो तेव्हा तो वाचत असतो. बाई वाचते तेव्हा ती रिकामी बसलेली असते. हातात पुस्तकाऐवजी निवडायचे तांदूळ असते तर कुणी काही बोललं नसतं. फोन असता तरी बोललं नसतं!

आपण स्वतःसुद्धा असंच मानतो. "काम उरकलं की वाचीन." पण बायांनो, घरातलं काम उरकतं का कधी? भांडी झाली की कपडे, कपडे झाले की दूध, दूध झालं की उद्याची भाजी. उरकणं ही गोष्टच त्यात नाही. जे कधी येत नाही त्याच्यानंतर आपण वाचन ठेवलंय. देवदर्शन आपण काम उरकल्यावर ठेवतो का? आंघोळ झाली की आधी मंदिर, मग चहा. म्हणून ते रोज होतं.

आणि वेळेचं म्हणाल, तर आपल्या धर्मानं आपल्याला एक मोठी सोय करून ठेवली आहे, तिचा आपण विचारच करत नाही. आपल्याकडं सूर्यास्ताच्या आत जेवणं होतात. जून महिन्यात सात वाजून गेल्यावर चूल बंद, ओटा पुसलेला. शेजारच्या घरात त्या वेळी कुकर लागत असतो. आपण मोकळ्या. मग सात ते दहा आपण काय करतो? खरं सांगायचं. मालिका बघतो. एका घरातल्या दोन जावा एकमेकींच्या दुधात काय काय घालतात ते बघतो, आणि मध्ये जाहिरात लागली की फोन उघडून रेसिपी बघतो, ज्या आपण कधीच करणार नसतो. माझ्या फोननं मला दाखवलं, की दिवसाचे दोन तास मी त्याच्यात घालवते. दोन तास! आणि तोंडानं म्हणते, वेळ कुठाय.

हो, ज्या घरात एमआयडीसीची दुसरी पाळी आहे, तिथं रात्री पुन्हा गॅस पेटतो, ताट वाढावं लागतं, हे मला माहीत आहे. आमच्याकडंही ते आठवडे येतात. पण झाकून ठेवलेलं जेवण गरम करून स्वतः वाढून घेणं पुरुषाला निषिद्ध आहे, असं कुठल्या शास्त्रात सांगितलेलं मला तरी सापडलं नाही.

तर मी ठरवलं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीपासून तीस दिवस रोज वाचायचं. 'रत्नकरंड श्रावकाचार'चे श्लोक १५०. रोज ५ वाचले तर तीस दिवसांत पुस्तक संपतं. गणित एवढं सोपं होतं आणि मला सतरा वर्षांत कधी करावंसं वाटलं नव्हतं. सोबत वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक, दुपारसाठी. वेळ ठरवली: संध्याकाळी साडेसात ते आठ, आणि दुपारी जमेल तेवढं.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. महाराज आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातले, दत्तक जाऊन छत्रपती झालेले. म्हटलं, गावच्याच माणसाचा कायदा वापरू. ज्या दिवशी वाचणार नाही, त्या दिवशी डब्यात एक रुपया टाकायचा.

पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या दिवशी मी मोजलं, अर्ध्या तासात अकरा वेळा हाक आली. खोडरबर कुठाय, चार्जर कुठाय, औषधाची गोळी कुठली, मांजर आत आलं. त्या अकरातली एकही हाक अशी नव्हती, की जिच्यासाठी मीच उठायला हवं होतं. खोडरबर दप्तरात होता, चार्जर भिंतीला होता, मांजर पाचवीतल्या पोरालाही हाकलता येतं. पण मी अकराच्या अकरा वेळा उठले! चौथ्या दिवशी उठले नाही. काही बिघडलं नाही. फक्त आत्ती बोलल्या, "बाईनं पुस्तक घिऊन बसल्यावर घराची कळा जातीया." मी गप्प बसले आणि पाच श्लोक पुरे केले.

आत्तींवर मी रागावलेली नाही. हे बोलणं त्यांचं नाही, त्यांनाही कुणीतरी ऐकवलेलंच आहे. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं. ११ वर्षांची मुलगी न्यायमूर्ती रानड्यांची बायको होऊन घरात येते, नवरा तिला हौसेनं शिकवायला बसतो, आणि घरातल्या बायका तिला त्यावरून छळतात. नवरा शिकवतोय, आणि अडवतायत कोण, तर घरातल्याच बायका. शंभर वर्षांनी आपलं काय वेगळं आहे? "आज काय काम न्हाई वाटतं?" असं मला कुठल्या पुरुषानं विचारलं नव्हतं. दारातनं जाणाऱ्या बाईनं विचारलं. आणि मीही कधीतरी कुणाला तरी विचारलेलं असणार. दुसरीच्या हातातलं पुस्तक आपल्यालाच आधी टोचतं, कारण आपल्या हातात ते नसतं.

वेळ आणि परवानगी यांचं रडगाणं गाणाऱ्यांनी फलटणच्या बेबीताई कांबळे आठवाव्यात. दलित घरातली बाई, छोटं किराणा दुकान, पदरात लेकरं. दुकानात पुड्या बांधायला रद्दी यायची, ती रद्दी पुडी बांधायच्या आधी त्या वाचायच्या. घरच्यांपासून लपवून लिहायच्या. त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. त्यांना वेळ कुणी दिला होता? परवानगी कुणी दिली होती? आपल्याला तर देव्हाऱ्यात पुस्तक ठेवून दिलंय, आणि वाचलं तर पुण्य आहे असंही सांगून ठेवलंय.

दुपारसाठी मी वाचनालयातून आणलेलं पुस्तक होतं 'झोंबी'. आनंद यादव आपल्या कागलचे, १९३५ चा जन्म. या पुस्तकाला १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपण गावात पाव्हण्यांना वाडा दाखवतो, गैबी चौक दाखवतो, पण या गावावर एवढं मोठं पुस्तक आहे आणि ते आपल्यातल्या किती जणींनी वाचलंय? मी नव्हतं वाचलं. मी 'नटरंग' सिनेमा बघितला होता आणि तो यादवांच्याच कादंबरीवर आहे, एवढं मला माहीत होतं. बस्स.

डेअरीच्या रांगेत कॅन पायाशी ठेवून मी 'झोंबी' वाचायची. पहिले दोन दिवस पोरं हसली. नंतर सवय झाली त्यांना. शाळेसाठी जीव टाकणारं पोर आणि त्याला शाळेत जाऊ न देणारा बाप. बापाचं म्हणणं एवढंच, की पोरगं पुस्तक घेऊन बसलं की रानातलं काम बुडतं. वाचता वाचता मला वाटलं, हे मी कुठंतरी ऐकलंय. पोरासाठी नाही, बाईसाठी ऐकलंय. रानाच्या जागी घर घाला. त्या मुलाची आईही विसरता येत नाही. बाळंतपणं आणि कष्ट यांत झिजून गेलेली बाई. ज्या रस्त्यांवरून मी रोज भाजी आणते, त्याच रस्त्यांवर हे सगळं घडलेलं. आपल्या गावाचं दुःख कळायला मला वाचनालयाचं कार्ड काढावं लागलं.

यावर महिला मंडळातल्या एका ताईंनी मला आडवं घेतलं. म्हणाल्या, "शास्त्र वाच, ते ठीक. कादंबऱ्या कशाला? ती विकथा." त्यांचा मुद्दा साधा नाही, म्हणून उत्तर देते. विकथा म्हणजे स्त्रीकथा, भोजनकथा, राजकथा, चोरकथा, अशा मनाला भरकटवणाऱ्या गोष्टी. आता सांगा, संध्याकाळच्या मालिकेत कुणी कुणाला पळवलं, रेसिपीच्या व्हिडिओत किती चीज घातलं, ग्रुपवर कुठल्या पुढाऱ्यानं काय म्हटलं, ही विकथा नाही तर काय? तिला घरात दिवसाचे तीन तास मोकळे, आणि 'झोंबी'ला अर्धा तास मिळाला की धर्म बुडतो? शिवाय आपल्या आचार्यांना गोष्टीचं वावडं नव्हतं. शास्त्राचे चार अनुयोग केले, त्यात पहिला नंबर प्रथमानुयोगाचा, म्हणजे पुराणांचा, चरित्रांचा, गोष्टींचाच. माणसाच्या दुःखाची गोष्ट वाचून मन मऊ होतं, ते मऊ झालं की मग पुढचं तत्त्व त्यात रुजतं. मी 'झोंबी'ला शास्त्र म्हणत नाही. पण ते वाचून मी पोरावर हात उगारणं कमी केलं, एवढं खरं.

दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींशीही मला भांडायचं आहे. हल्ली "महिन्यात दहा पुस्तकं" असं काहीतरी निघालंय. पुस्तकाशेजारी कॉफीचा कप ठेवायचा, फोटो काढायचा, आकडा टाकायचा. हे उपवासांच्या आकड्यासारखंच झालं. कुणी आठ केले, कुणी सोळा केले, वरघोडा निघाला, फोटो आला, आणि मन होतं तिथंच. म्हणून माझ्या महिन्याचा आकडा मी तुम्हाला खराखुरा सांगते. तीस दिवसांतले एकवीस दिवस वाचलं. डब्यात नऊ रुपये जमले. एक रुपया कर्नाटकी बेंदराचा, त्या दिवशी पुरणपोळ्या आणि बैलांच्या नैवेद्यात डोकं वर काढता आलं नाही. तीन रुपये पोराच्या तापाचे. दोन रुपये पाव्हण्यांचे. आणि तीन रुपये निव्वळ आळसाचे, फोनच्या नादाचे. १५० श्लोकांतले १०५ झाले. 'झोंबी' पूर्ण झालं. रमाबाईंचं पुस्तक अर्ध्यावर आहे. एवढंच. हा आकडा कुठं फोटोत टाकण्यासारखा नाही. पण सतरा वर्षांत शून्य होतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते.

'तत्त्वार्थसूत्रा'त स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. वाचायचं, विचारायचं, मनात घोळवायचं, पाठ म्हणायचं आणि दुसऱ्याला सांगायचं. यातलं पाठ म्हणणं तेवढं बायकांना दिलेलं आहे. आत्तींना भक्तामर पाठ आहे, ४८ च्या ४८ श्लोक, एक अक्षर चुकत नाही. अर्थ एकाचाही माहीत नाही. चौथीतनं शाळा सुटली, सोडवली म्हणा, कारण धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार. त्या मला कधी हे बोलल्या नव्हत्या. महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात एके संध्याकाळी म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतीयास? मोठ्यानं वाच की. मालिकेला अजून टायम हाय."

मोठ्यानं वाचू लागले. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांची आठ नावं येतात, त्यात रेवती राणी येते. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मथुरेत एक मायावी रोज नवं रूप घेऊन येतो, सगळं गाव दर्शनाला पळतं, राणी जात नाही. शेवटी तो तीर्थंकराचं रूप घेतो, समवसरण उभं करतो. सगळे म्हणतात, आता तरी चला. ती म्हणते, तीर्थंकर चोवीस सांगितलेत, चोवीस होऊन गेले, हा पंचविसावा कुठला? म्हणून तिला अमूढदृष्टी अंगाचं उदाहरण केलं. राणी फसली नाही ती हट्टी होती म्हणून नाही. शास्त्रात काय लिहिलंय ते तिला माहीत होतं म्हणून. सगळं गाव ऐकीव माहितीवर धावलं आणि ती एकटी थांबली.

पुढं मूढतेचे श्लोक आले. धर्म समजून नदीत, समुद्रात बुड्या मारणं, दगड-वाळूचे ढीग रचणं, ही लोकमूढता. मी अर्थ वाचला तशा आत्ती थांबल्या. म्हणाल्या, "थांब. मग संक्रांतीला आम्ही दूधगंगेवर जाऊन डोस्कं भिजवून येत हुतो, ते काय मग?"

मैत्रिणींनो, ही पृच्छना. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा धर्माला प्रश्न विचारला. मला उत्तर नीट येत नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. आणि मंदिरात प्रवचनानंतर विचारलं. उत्तर मिळालं, "बायकांनी अर्थाच्या खोलात जाऊ नये, श्रद्धा कमी होते."

त्या दिवशी मला कळलं, की अडचण वेळेची कधीच नव्हती. बाई मालिका बघत बसली तर कुणाची अडचण नाही, बाई वाचायला लागली की ती विचारणार, ही अडचण आहे. पण आपली पुराणं सुरूच प्रश्नानं होतात! श्रेणिक राजा विचारतो आणि गौतम गणधर सांगतात. आणि त्या श्रेणिकाला जिनधर्माकडे आणलं कुणी? चेलना राणीनं. बाईनं आणलेल्या माणसानं प्रश्न विचारले तर त्याचं पुराण होतं, आणि बाईनं विचारला तर श्रद्धा कमी होते?

आदिपुराणात ऋषभदेव पहिली अक्षरं कुणाला शिकवतात? ब्राह्मीला. अंक कुणाला? सुंदरीला. मुलांना त्यानंतर. ही गोष्ट आपण शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरींना फेटे-शेले नेसवून नाटकात करून दाखवतो आणि घरी येऊन त्याच पोरीला म्हणतो, पुस्तक ठेव, भाकरीला बस. श्रवणबेळगोळला जाऊन आपण बाहुबलींच्या पायाशी डोकं ठेवतो. त्याच पायांजवळ मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत गणली जाणारी अक्षरं कोरलेली आहेत. डोकं ठेवलंत, अक्षरं बघितलीत का? मी दोनदा जाऊन आले. नाही बघितली.

श्रुतपंचमी तरी कशाची? गिरनारच्या धरसेनाचार्यांना वाटलं, आता पाठांतरावर भागणार नाही, ज्ञान हरवेल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं, त्यांनी षट्खंडागम लिहून काढला, आणि तो पूर्ण झाला त्या दिवशी चतुर्विध संघानं पुस्तकाची पूजा केली. चतुर्विध म्हणजे मुनी, आर्यिका, श्रावक आणि श्राविका. लिहिलं कशासाठी? वाचावं म्हणून. कापडात गुंडाळून ठेवायला पाठांतरही पुरलं असतं.

आता मागणी. नुसतं भांडून उपयोग नाही.

पहिली मागणी मंडळाला. व्रताच्या उद्यापनाला आपण स्टीलचे डबे वाटतो. माझ्या घरात एकोणीस डबे आहेत, तुमच्याकडंही असतील. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. छपाई नव्हती. तिनं कवी पोन्नाच्या 'शांतिपुराणा'च्या १००० प्रती ताडपत्रांवर लिहून घेतल्या आणि वाटल्या. तिला लोक दानचिंतामणी म्हणतात. एक हजार प्रती, हातानं लिहिलेल्या! आपण छापलेलं पन्नास रुपयांचं पुस्तक वाटायला मागंपुढं बघतो, "कोण वाचतंय?" म्हणून. शास्त्रदान हे चार दानांतलं एक आहे. पुढच्या उद्यापनाला डब्याऐवजी पुस्तक द्या, आणि पानं कापलेली आहेत ना, तेवढं बघून द्या.

दुसरी मागणी घराला. रोजचा अर्धा तास. तो मागून घ्यायचा नाही, सांगायचा. "साडेसात ते आठ मी वाचत असते," एवढंच. पोरांना पहिल्या आठवड्यात त्रास होईल. होऊ द्या. माझी नववीतली लेक आता त्या वेळी स्वतःचं पुस्तक घेऊन शेजारी बसते. मी तिला बस म्हटलं नव्हतं.

तिसरी मागणी तुम्हाला. भाद्रपदात दशलक्षण पर्व येईल. 'तत्त्वार्थसूत्रा'चे दहा अध्याय, दहा दिवस, रोज एक अध्याय आपण ऐकतो. त्याच्या पठणाला उपवासाचं फळ सांगितलंय, हेही तुम्हाला माहीत आहे. यंदा सूत्र ऐकताना अर्थाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवा. आणि एक तरी प्रश्न विचारा. मोठ्यानं. "बायकांनी विचारू नये" असं कुणी म्हटलं, तर हेही विचारा, की ते कुठल्या अध्यायात आहे.

दूधगंगेच्या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकातच शोधलं, टीकेसह. आत्तींना वाचून दाखवलं. आंघोळ अंगाला लागते, कर्माला लागत नाही, असा अर्थ मला कळला तसा सांगितला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आदी का न्हाई सांगितलं कुणी?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते पुस्तक आमच्याच देव्हाऱ्यात होतं, त्यांच्या हातापासून दोन हातांवर, सतरा वर्षं.

उरलेले ४५ श्लोक चालू आहेत. मालिका अजूनही लागते, साडेआठला. त्याआधी आत्ती पाट ओढून बसतात आणि म्हणतात, "काल कुठवर आलो हुतो?"

जय जिनेंद्र.